हात चालतो, पाठ चालत नाही

"उठ. उठ आधी गादीवरून."

मी लगेच उठले नाही. ते मला म्हटलंय हेच मला कळलं नाही. मी पाटलांच्या ओसरीत नव्या गादीवर उताणी पडून, डोळे मिटून, पाठीला कुठं गाठ लागते का ते बघत होते. माझं काम करत होते.

आम्ही पिंजारी. अब्बा घरोघर जाऊन कापूस पिंजायचे, गाद्या भरायचे, शिवायचे. गादी भरून कडेनं शिवली की तिला काठीनं झोडून सारखी करायची, आणि मधले टाके घालण्याआधी तिच्यावर एका हलक्या अंगाच्या माणसानं झोपून बघायचं. काठीला जी गाठ कळत नाही ती पाठीला कळते, असं अब्बा म्हणायचे. जड माणसाखाली गाठ दबून जाते. त्यांच्या बापाच्या वेळी ते अंग अब्बांचं होतं. आता माझं होतं. पाच वर्षांची असल्यापासून गावातल्या प्रत्येक गादीवर पहिल्यांदा मी झोपले. पाटलांच्यासुद्धा. तेव्हा मी लहान लेकरू होते, कुणी काही म्हटलं नाही. तेरा वर्षांची झाले आणि माझी पाठ बाटली.

पाटलीणकाकी दारात उभी होती. ओरडली नाही. समजावून सांगितल्यासारखी बोलली.

"पोरी, हात लागला तं चालते. कापसाले इटाळ नसते. पन पाठ नाई टेकवा लागत. त्या गादीवर माही कुसुम झोपनार हाय."

मी उठून उभी राहिले. परकराला कापूस चिकटला होता, तो झटकायचंही सुचेना. अब्बांनी हातातली काठी खाली ठेवली आणि म्हणाले, "चुकलं बाई."

काय चुकलं होतं? ज्या रीतीमुळे अब्बांच्या गाद्यांचं नेर-दिग्रसपर्यंत नाव होतं, तिचीच त्यांनी माफी मागितली. काकीच्या बोलण्यापेक्षा ते दोन शब्द मला जास्त लागले.

काकीनं शिवण उसवायला लावली. सगळा कापूस ओसरीत काढायला लावला. लोट्यातून गोमूत्र आणून शिंपडलं. ओला कापूस तातेला चिकटतो, पिंजता येत नाही, म्हणून अब्बा तो अंगणात पसरून वैशाखाच्या उन्हात वाळायची वाट बघत बसले. तात म्हणजे आमच्या पिंजणाची, कापूस पिंजायच्या धनुकलीची, दोरी. ती बकऱ्याच्या आतड्याची असते. त्यांच्या देवघरातल्या लोडाचा कापूससुद्धा त्याच तातेनं पिंजलेला होता. काकीला ते माहीत नव्हतं. मला त्या दिवशी ते सांगून टाकावंसं फार वाटलं. पण अब्बांच्या तोंडाकडे बघितलं आणि कापूस पसरू लागले.

आता कुसुमचं सांगते. तिचं सांगितल्याशिवाय माझं कळायचं नाही.

कुसुम काकीची धाकटी मुलगी. माझ्या वर्गात होती. माझी मैत्रीण होती असं तेव्हा मी म्हणायची, आणि मनातून तिच्यावर जळायची. खोटं कशाला बोलू? मला तिच्या रिबिनींचा हेवा वाटे. तिच्या शिसपेन्सिलीचा वाटे. शाळेतल्या माठातून ती स्वतःच्या हातानं पाणी घेई आणि मला वरून कुणी ओतेपर्यंत ओंजळ धरून थांबावं लागे, त्याचा तर फारच. पण सगळ्यात जास्त हेवा कशाचा होता सांगू? तिला कुणी तिच्या देवाबद्दल काही विचारत नसे. ती नुसती कुसुम होती.

मला रोज काहीतरी विचारलं जाई. तुमचं सगळं उलटं काहून असते? तुम्ही उजवीकडून कायले लिहिता? तुह्या अब्बानं बाकीच्या तीन बायका कुठं लपवल्या? इतिहासाच्या तासाला खानाचा धडा आला की सगळ्या वर्गाच्या माना माझ्याकडे वळत. मी खाली बघे, जणू तो खान आमच्याच घरून डबा घेऊन निघाला होता. आणि खरी शरम ही की मला उत्तरं येत नव्हती. आमच्या घरात अम्मा लुगडं नेसायची, बुरखा कुणी बघितला नव्हता. रोजे होते, दर्ग्याचा उरूस होता, झोपताना म्हणून छातीवर फुंकर मारायची कुराणातली एक छोटी अरबी सूरत होती. तिचा अर्थ अम्मालाही येत नव्हता. मुसलमान म्हणजे काय ते वर्गाला माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं. निदान त्यांना तसं वाटत होतं.

सातवीत मी पहिली आले. कुसुम नववी आली. महाराष्ट्र नुकताच झाला होता, शाळेत पेढे वाटले होते, आणि गुरुजी सारखे म्हणायचे की आता पोरींनी पुढं शिकायचं. गावातली शाळा सातवीला संपायची. कुसुमचा मामा यवतमाळला होता, ती त्याच्याकडे राहून मोठ्या शाळेत जाणार होती. गुरुजी आमच्याही घरी आले. चांगले होते गुरुजी, खोटं बोलणार नाही. खाटेवर बसले आणि अब्बांना म्हणाले की पोरगी हुशार आहे, यवतमाळला मुलींचं वसतिगृह आहे. मग थोडं थांबले. म्हणाले, पण तिथं सगळ्यांचा स्वयंपाक एकच असतो, तुमचं जमणार कसं. अब्बांनी मान डोलावली. अम्मानं केलेला चहा गुरुजींनी उपास आहे म्हणून घेतला नाही. तो मंगळवार होता. मंगळवारच्या कुठल्या उपासाला चहा चालत नाही ते मला अजून कळलेलं नाही.

म्हणजे नववी आलेली जाणार होती आणि पहिली आलेली तिच्यासाठी गादी भरत होती. मामाच्या घरी न्यायला.

कापूस वाळत होता तेव्हा कुसुम बाहेर आली. लिंबाखाली माझ्याजवळ, थोडं अंतर ठेवून बसली. तिला वाईट वाटलं होतं. ती मला समजवायलाच आली होती.

"आईचा राग नको करू व. तुमच्यात शुक्रवारीच आंघोळ करतात नं, म्हनून ते बोलली."

मी सकाळीच आंघोळ करून आले होते. दोन घागरी स्वतः विहिरीवरून आणल्या होत्या. मी तिला विचारलं, तुले कोनं सांगतलं. ती म्हणाली, सगळेच तं म्हनतात. मग तिनं विषय बदलला. मामाच्या घरी वीज आहे, शाळेला केवढं मोठं पटांगण आहे, तिथं मुलींना सायन्स शिकवतात. तिचे डोळे चमकत होते. मला आनंद व्हावा असं तिला खरंच वाटत होतं. तिच्यात कपट नव्हतं. कपट माझ्यात होतं.

दुपारून अब्बांनी कापूस पुन्हा पिंजला. जोहरच्या, म्हणजे दुपारच्या नमाजासाठी ते गादी भरायचं काम माझ्यावर सोडून गोठ्यामागं पोतं अंथरून उभे राहिले. पिंजताना सरकी खाली पडते, तिचा छोटा ढीग बाजूला पडला होता. मी इकडंतिकडं बघितलं. दोन मुठी सरकी उचलली आणि उशाच्या बाजूला कापसात आत, खोलवर खुपसली.

पिंजाऱ्याच्या घरात याहून मोठं पाप नाही. सरकी आधी टोचते. मग तिच्या वासानं उंदीर येतो आणि गादी आतून कुरतडतो. ज्याच्या गादीत सरकी निघाली त्या पिंजाऱ्याला गाव दुसऱ्यांदा बोलावत नाही. हे सगळं मला माहीत होतं. तरी मी टाकली. आणि टाकताना बरं वाटलं. झोप आता तुझ्या मामाच्या विजेखाली, असं मी मनात म्हटलं. अब्बा परत आले, त्यांनी भरवशानं कड शिवली, टाके घातले. या खेपेला गादीवर कुणी झोपून बघितलं नाही.

संध्याकाळी मी उस्तानीकडे गेले. उस्तानी म्हणजे आमच्या मोहल्ल्यातली एक म्हातारी विधवा, पोरींना सिपारा, म्हणजे कुराणाचा एकेक भाग, वाचायला शिकवायची. मोठ्या घरची, सय्यदांची. तिच्या ओट्यावर पोरी दोन ओळींत बसत. पुढं सय्यद-पठाणांच्या. मागं, चपलांजवळ, मी आणि अत्तर विकणाऱ्या अतारांची एक पोर. पहिल्या दिवशीच तिनं सांगितलं होतं, पिंजाऱ्याची आहेस ना, पीछे बैठ. मला वाटायचं तशीच रीत असेल. पुढच्या पोरींचा मला हेवा वाटायचा, त्यांचे उच्चार उस्तानी हनुवटीला हात लावून नीट करायची. माझे उच्चार तिच्यापर्यंत पोचतच नसत. हेवा करायला मला कधी माणसं कमी पडली नाहीत.

त्या दिवशी माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. मी मधेच विचारलं की आपण शुक्रवारीच आंघोळ करतो का. पोरी हसल्या. उस्तानी हसली नाही. तिनं मला रांजणाजवळ नेलं आणि लोटा हातात दिला. आधी हात, मनगटापर्यंत. चूळ. नाकात पाणी. तोंड. कोपरापर्यंत हात. डोक्यावरून ओला हात. मग पाय घोट्यापर्यंत. हे दिवसातून पाच वेळा, नमाजाला उभं राहायच्या आधी. पैगंबरसाहेबांनी पाकीला, म्हणजे स्वच्छतेला, अर्धं इमान म्हटलंय, ती म्हणाली. वजू मला माहीत होतं, घरी सगळेच करायचे. पण आपण करतो त्याला काही अर्थ आहे, आणि तो कुसुमला, काकीला, वर्गाला तोंडावर सांगता येतो, हे मला त्या रांजणाजवळ कळलं. इतकी वर्षं उत्तर माझ्या हाताला, तोंडाला, पायाला लागलेलं होतं.

मला धीर आला. मी विचारलं, मग झोपताना म्हणायच्या त्या छोट्या सुरतीचा अर्थ काय.

तिनं सोप्या बोलीत सांगितला. आपण अल्लाकडे आसरा मागतो. अंधारापासून, जादूटोण्यापासून, आणि शेवटी हासिदपासून.

"हासिद म्हणजे?"

"जो दूसरे का देख के जलता है."

माझ्या हातातला लोटा तसाच राहिला. लहानपणापासून मी रोज जिच्यापासून वाचव म्हणून मागत होते, ती मीच होते. कुसुमला माझ्यापासून वाचवायची दुआच जणू मी रोज म्हणत होते, आणि आज दुपारी तिच्या उशाशी सरकी ठेवून आले होते. उस्तानी पुढं म्हणाली की आग लाकूड खाते तशी जलन माणसाची नेकी खाते. मला रडू आलं. तिला वाटलं सुरतीचा असर झाला. तिनं माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, जा, बस आता मागं जाऊन.

मागं.

तेव्हा माझ्या तोंडून निघालं. मशिदीत अब्बा आणि सय्यद एकाच रांगेत खांद्याला खांदा लावून उभे राहतात ना? ती म्हणाली, हो, तिथं ना कुणी बडा ना कुणी छोटा, हाच तर आपला दीन, आपला धर्म. मी म्हटलं, मग तुमच्या ओट्यावर मी मागं काहून?

उस्तानीनं पदर नीट केला.

"वो मस्जिद है, बेटी. ये घर है."

मी मागं जाऊन बसले. पण बसताना मला काकीची ओसरी आणि हा ओटा एकच दिसू लागले. काकीच्या घरी माझा हात चालतो, पाठ चालत नाही. इथं माझी जीभ चालते, जागा चालत नाही. दीन चांगला होता. फक्त तो मशिदीतून त्या ओट्यावर कुणी आणला नव्हता.

घरी जाऊन मी अब्बांना सरकीचं सांगितलं. मारतील असं वाटलं होतं. मारलं असतं तर बरं झालं असतं. ते तातेवरून बोट फिरवत बसले. मग म्हणाले, "माह्या बापानं चाळीस वर्सं पिंजलं. एक सरकी नाई निघाली." आणि सकाळी पिंजण खांद्यावर घेऊन मला पाटलांकडे घेऊन निघाले. रस्त्यात मला बजावलं की तू काही बोलू नको, माझ्या हातून राहिली असं मी सांगतो.

कुसुम दोन दिवसांनी जाणार होती. गादी वळकटी करून दोरीनं बांधलेली ओसरीतच उभी होती. काकी बाहेर आली, मागून कुसुम. अब्बांनी तोंड उघडलं, "बाई, माह्या हातून..."

"अब्बानं नाई. म्या टाकली," मी म्हटलं. "गादीत सरकी म्या टाकली. मुद्दाम."

कुसुमनं फक्त विचारलं, "काहून?"

"तू चालली म्हनून."

तिचं तोंड उतरलं. ते मला आजही दिसतं, आणि त्याची मला आजही शरम आहे. पण काकी कुसुमकडे बघत नव्हती. माझ्याकडेही बघत नव्हती. ती अब्बांकडे बघून बोलली.

"म्हनूनच लोकं म्हनतात. ह्या जातीचा भरोसा नाई. कितीक गोड राहा, पोटात इख असतेच."

मी जळले होते कारण मी तेरा वर्षांची होते, पहिली आले होते आणि घरी राहणार होते. ते पाप माझं होतं, मी ते कबूल करायला चालत आले होते. आणि काकीनं ते माझ्या हातातून काढून घेतलं आणि अब्बांच्या, अम्माच्या, उस्तानीच्या, आम्हा सगळ्यांच्या अंगावर टाकलं. कुसुमनं चोरी केली असती तर ती कुसुमची चोरी झाली असती. मला स्वतःचं पापही एकटीचं मिळणार नव्हतं. हा हेवा सगळ्यात कडू होता.

"काकी," मी म्हटलं, "सरकी म्या टाकली. माह्या लोकायनं नाई टाकली. माहं पाप मले राहू द्या."

अब्बांनी माझा दंड धरला. मी सोडवून घेतला. वळकटी अंगणात नेली, दोरी सोडली, शिवण उसवली. आमच्यात बाया पिंजण धरत नाहीत. कापूस वेचतात, भरतात, शिवतात, पण धरत नाहीत. मी धरलं. अब्बा दोन वेळा पुढं आले, दोन वेळा थांबले, मग लिंबाखाली जाऊन बसले. दुपारपर्यंत मी कापूस पिंजला. तातेनं बोट कापलं. सरकी एकेक वेचून परकराच्या ओच्यात घेतली. गादी भरली, कडेनं शिवली, काठीनं झोडली.

मग झोपून बघायची वेळ आली. मी गादीजवळ उभी राहिले. काकी बघत होती. मी पाठ टेकवली नाही. सुई घेतली आणि टाके घालायला बसले. त्या गादीत गाठ राहिली की नाही मला माहीत नाही. कुसुमच्या पाठीला माहीत असेल.

काम चोख झालं हे काकीलाही दिसलं. तिचा राग थोडा उतरला. ती अब्बांना म्हणाली की जाऊ द्या, लेकरूच आहे, दिवाळीनंतर थोरलीचं लग्न आहे, गाद्या, लोड, तक्के सगळं तुम्हीच करायचं. फक्त खळ्यात बसून करा. आणि पोरीले आनू नका.

तिनं माफ केलं होतं. अब्बांची मान हो म्हणायला हलली होती, मी बघितली.

मी ओच्यातली सरकी ओसरीच्या पायरीवर ओतली.

"काकी, जिथं आमची पाठ चालत नाई, तिथं आमचा हातबी चालनार नाई."

एवढं बोलून मी निघाले. मागं वळून बघितलं नाही. गल्लीच्या कोपऱ्यावर पोचले तेव्हा मागून अब्बांची पावलं ऐकू आली. पिंजण त्यांच्या खांद्यावर होतं. ते माझ्याशी बरोबरीनं चालू लागले, पण शाबासकी दिली नाही. म्हणाले, "बोलली तं खरी. आता खाऊ काय?"

पाटलांच्या गल्लीतून नंतर कुणी बोलावलं नाही. हळूहळू गावातूनच नाही. पोळ्यानंतर आम्ही दिग्रसला गेलो, अब्बा एका जिनात, सरकी काढायच्या कारखान्यात, कापसाचे बोजे उचलायला लागले. ज्या माणसाच्या हाताला गाव ओळखत होतं, तो पाठीवर बोजे वाहू लागला. ते माझ्यामुळे झालं. हे मी कधी गोड करून सांगत नाही.

पण गाव सोडायच्या आधी एक काम राहिलं होतं. ज्या दिवशी पाटलांची पायरी उतरले, त्याच संध्याकाळी मी वजू केलं. हात, तोंड, कोपर, डोकं, पाय. कापलेल्या बोटाला पाणी झोंबलं. उस्तानीच्या ओट्यावर गेले. चपलांवरून पाय टाकून पुढं गेले आणि पहिल्या ओळीत, सय्यदांच्या दोन पोरींच्या मधे बसले. त्या सरकल्या. त्यांनी मला जागा दिली की माझ्यापासून दूर झाल्या, ते मी तपासलं नाही.

उस्तानी म्हणाली, "पीछे."

"नाही."

ती म्हणाली की मग मी तुला शिकवणार नाही. मी म्हटलं, नका शिकवू. मी सिपारा उघडला आणि सगळ्यांपेक्षा मोठ्या आवाजात वाचायला सुरुवात केली. उच्चार चुकत होते. मला माहीत होतं चुकताहेत. मी थांबले नाही.

माझा हेवा गेलेला नाही. कुसुमचं नाव आलं की आजही आत काहीतरी टोचतं. पण त्या दिवसापासून मी कुणाच्या मागं बसले नाही, आणि बसणार नाही.